मलवाहिनीचे तोंड कोणाच्या दारी?

भडगावच्या वाचकांपुढे मुंबईच्या गटारांचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपली गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ त्याच अरबी समुद्राला. शिवाय ज्या पैशावर मुंबई फुगली, त्यात खानदेशच्या कापसाचाही वाटा होता. 1861 ते 1865 या यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचे उखळ पांढरे झाले. शहरात माणसे लोटली. त्यांच्या मैल्याचे काय, हा प्रश्न मात्र कोणाच्याच खतावणीत नव्हता.

तो मैला हलालखोर म्हणून ओळखले जाणारे कामगार टोपल्यांतून वाहून नेत. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाल्यावर नगरसफाईला गती आली. पुढे भुयारी मलवाहिन्या झाल्या आणि वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपघरातून शहराचा मैला समुद्रात ढकलला जाऊ लागला. लंडनमध्ये 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटात शिरली, तेव्हा कोठे बॅझलजेटच्या मलवाहिन्यांना पैसा मंजूर झाला. वरळीच्या कोळ्यांच्या नाकाला असा मताधिकार नव्हता!

स्वातंत्र्यानंतरही विचाराची दिशा तीच राहिली. 1995 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाची मलनिःसारण योजना आली. तिच्यातून वरळी व वांद्रे येथे समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे काढण्यात आले. जाळीने कचरा अडवायचा, हौदात रेती खाली बसवायची आणि उरलेले पाणी भरतीओहोटीच्या स्वाधीन करायचे, ही तेथील रीत. प्रक्रिया म्हणावी अशी प्रक्रिया, म्हणजे पाण्यात हवा खेळवून जिवाणूंकरवी मैला कुजविणे, या केंद्रांत नव्हती. कारण तिला जागा लागते, वीज लागते आणि तो खर्च दरमहा चुकवावा लागतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो येथे शब्दशः शहराबाहेर टाकला गेला. झोपडपट्ट्यांचे सांडपाणी तर आजही मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जाते. दोन्हींचा भुर्दंड कोळीवाड्यांच्या जाळ्यांवर पडतो. रोज सुमारे 246 कोटी लिटर क्षमतेच्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी व्हायला 2023 चा जानेवारी उजाडला.

आणि वाहिनी तुंबली की आत कोण उतरतो? 1993 व 2013 असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरतच आहेत. ती कोणत्या जातींची, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

लहान शहरांतही आता भुयारी गटारांची भाषा सुरू झाली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. उघड्या गटाराशेजारी जेवणाऱ्यांना ती हवीच आहे. मात्र असा आराखडा नगरपरिषदेच्या सभेपुढे येईल, तेव्हा नळाची लांबी पाहून टाळ्या वाजवू नका. प्रक्रिया केंद्राची जागा नकाशावर दाखवायला लावा. पंपांचे वीजबिल दहाव्या वर्षी कोणत्या शीर्षातून भरणार, ते विचारा. सफाईचे यंत्र आधी खरेदी होणार की नंतर, हेही इतिवृत्तात लिहून घ्या. नळाचे तोंड गिरणेत उघडणार असेल, तर खालच्या अंगाच्या गावांतील आपल्या कार्यकर्त्यांना त्या सभेच्या आधी कळवा.