पन्नास वर्षांनंतरचा मधुचंद्र

परवा नागोठण्याच्या माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य आले. विवाहास पन्नास वर्षे झाली; राहून गेलेला मधुचंद्र आता मुंबईत, आवडीचे खाऊन साजरा करावयाचा होता. काकांना मधुमेह असल्याने काकू साशंक होत्या.

मी म्हटले, अवश्य जा. दादरचा साबुदाणा वडा, १९०४ पासूनच्या कयानीतला मस्का-पाव, सारे चाखा. परंतु दोघांत एकच बशी मागवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नका. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. घाम, थरथर जाणवल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ घ्या. जेवणानंतर चौपाटीवर सावकाश फेरी मारा.

पथ्य म्हणजे आनंदावर बंदी नव्हे. वाचकहो, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने, असे अवश्य जाऊ द्यावे.