हाताचा गुण आणि कारणाची पारख

शरीराची ठेवण सुधारावयाची तर स्नायूंचे नव्हे, संयोजी ऊतकांचे मर्दन करावे, असे मानणारी एक उपचारपद्धती विसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आली. तिच्या प्रवर्तक आयडा रॉल्फ या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. १९२० साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. स्नायूंभोवतीचे चिवट वेष्टन, म्हणजे प्रावरणी, आखडल्यामुळे शरीराचा तोल ढळतो. दहा बैठकांत हाताच्या दाबाने ते सैल करून देह गुरुत्वाकर्षणाशी जुळवून घेता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

परंतु शास्त्रज्ञाची पदवी हा विधानाचा पुरावा नव्हे. मांडीच्या व तळपायाच्या जाड प्रावरणीत एक टक्का बदल घडविण्यासही मानवी हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागेल, असे २००८ सालच्या एका गणिती अभ्यासात आढळले. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या शासकीय समीक्षेतही या उपचाराच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

मग मर्दनानंतर वाटणारा हलकेपणा खोटा मानावा काय? मुळीच नाही. प्रावरणीत मज्जातंतूंची टोके विपुल आहेत; त्यांच्याद्वारे जाणाऱ्या संदेशांमुळे स्नायूंचा ताण उतरत असावा. आमचे म्हणणे इतकेच की, गुण येणे ही एक गोष्ट, आणि त्याचे सांगितलेले कारण खरे असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की रुग्णाचा पैसा तर जातोच, पण योग्य उपचाराची वेळही टळून जाते. हाताच्या कौशल्याचा आदर करावा. कारणाची मात्र पारखच करावी.