पगार एक, कार्डं पाच : तरुणांच्या खिशातली महागडी उधारी

मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, रेल्वे स्टेशनबाहेर छोटं टेबल टाकून बसलेली मुलं आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत. "सर, लाइफटाइम फ्री आहे, फक्त पॅन नंबर सांगा." मोबाइलवर तर टेबलाचीही गरज उरलेली नाही, दोन-चार बटणं दाबली की अर्ज गेला. २०२४ च्या सुरुवातीलाच देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं आणि किराणा दुकानातला क्यूआर कोडही उधारीचं साधन बनला.

कार्ड घेणं हा काही गुन्हा नाही. प्रश्न वेगळा आहे. महिन्याला १८ हजार कमावणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा एकापाठोपाठ एक चार-पाच कार्डांसाठी अर्ज का करतो?

काही जण कॅशबॅक आणि ऑफरसाठी करतात, काही मित्रांचं बघून करतात. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. पहिल्या कार्डाची मर्यादा संपलेली असते. घरात आजारपण येतं, बहिणीचं लग्न ठरतं, मोबाइल बिघडतो. मग दुसरं कार्ड येतं, आणि तिसऱ्या कार्डाच्या आधारावर पहिल्याचं बिल भरलं जातं. पाच कार्डांची मर्यादा मिळून दीड लाख झाली की मुलाला वाटतं, आपली पत वाढली. वाढलेली असते ती फक्त कर्ज काढण्याची सोय. पगार अठराच हजार असतो.

हिशेब करून पाहू

समजा, पाच कार्डांवर प्रत्येकी १२ हजार, म्हणजे एकूण ६० हजार थकले आहेत. व्याजदर महिना साडेतीन टक्के धरू, बाजारात हा दर सर्रास आढळतो. महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. एकूण २,४७८ रुपये. आता बँकेने 'किमान रक्कम' थकबाकीच्या ५ टक्के ठेवली असेल, तर प्रत्येक कार्डाचे ६०० याप्रमाणे मुलगा ३,००० रुपये भरतो. त्यातले मूळ कर्जातून वजा होतात फक्त ५२२ रुपये! पगाराचा सहावा हिस्सा गेला आणि कर्ज जवळपास जागच्या जागी राहिलं.

इथे अनेक कार्डांची खरी गोम आहे. ६०० रुपयांचा मेसेज पाहून कुणी घाबरत नाही. ३,००० चा एकच मेसेज आला असता तर माणूस दचकला असता. कर्ज पाच ठिकाणी विभागलं गेलं की त्याची बेरीज डोळ्यांसमोर येतच नाही. शिवाय पाच बिलांच्या पाच तारखा. एक चुकली की दंड वेगळा. आणि मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर तिथे ही मुदत मुळातच नसते.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. प्रत्येक अर्जाबरोबर बँक सिबिलसारख्या संस्थेकडे आपली चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद राहते. थोड्या दिवसांत चार-पाच चौकशा दिसल्या की पुढची बँक समजते, या माणसाला पैशाची निकड आहे. स्कोअर खाली येतो. अर्ज नामंजूर झाला म्हणून आणखी तीन ठिकाणी अर्ज करणं म्हणजे आपल्याच हाताने नोंद आणखी बिघडवणं. उद्या शिक्षणासाठी किंवा दुकानासाठी कर्ज लागेल तेव्हा हीच नोंद आडवी येते.

जबाबदारी एकट्या तरुणाची नाही

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, मर्यादा ठरवताना ग्राहकाकडे इतर कार्डांवर किती मर्यादा आहे हे बँकेने पाहायला हवं. न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या आणि इतर विनातारण ग्राहक कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल राखून ठेवायला लावलं. म्हणजे धोक्याची जाणीव वरपर्यंत आहे.

पण व्याजाचं काय? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, आयोगाच्या नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आणि रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या व्याजाला आकड्यात कमाल मर्यादा घातलेली नाही. गावच्या सावकाराला आपण नावं ठेवतो, पण वर्षाला ४२ टक्के दर चकचकीत ॲपमधून आला की तो कुणाला खटकत नाही.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक पदर आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिमांना बँकांचं कर्ज मिळण्यातल्या अडचणी मांडल्या होत्या. काही बँका ठरावीक वस्त्यांना 'निगेटिव्ह झोन' मानतात, हेही त्या अहवालात नोंदवलं होतं. यंत्रमाग, गॅरेज, बेकरीसाठी कर्ज मागायला गेलेल्याला तारण, जामीन आणि कागदपत्रांची यादी मिळते. त्याच घरातल्या मुलाला बूट आणि फोन घेण्यासाठी मात्र कार्ड मोबाइलवर चालून येतं. कमाई वाढवणारं कर्ज दुर्मीळ आणि कमाई खाणारं कर्ज मुबलक, हे चित्र कुठल्याही समाजाला वर येऊ देणार नाही.

सूद हराम आहे हे आपल्या मुलांना माहीत असतं. वेळेवर पूर्ण बिल भरण्याच्या अटीवर कार्ड वापरावं का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण किमान रक्कम भरून व्याज देत राहणं हा मतभेदाचा मुद्दाच नाही. तंगीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत द्या, अशी कुरआनची शिकवण आहे. मग मशिदीच्या कमिट्या, बैतुलमाल, बिनव्याजी पतसंस्था यांनी तरुणांच्या तातडीच्या छोट्या गरजांकडे लक्ष द्यायला नको का? दहा हजारांसाठी दार ठोठावायला जागा नसेल, तर मुलगा ॲपकडेच जाणार.

आज काय करता येईल?

सर्व कार्डांची थकबाकी एका कागदावर लिहा आणि बेरीज करा. नवे अर्ज थांबवा. सर्वात जास्त व्याजाच्या कार्डावर किमान रकमेपेक्षा जितकं जमेल तितकं जास्त भरा. थकबाकी फेडून कार्ड बंद करायला सांगितलं तर बँकेने ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशिराला दिवसाला ५०० रुपये दंड आहे. वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो, तो मागवून तपासा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेल्पलाइन १४४४८. 'सेटलमेंट' करून थोड्यात सुटका होते असं वाटतं, पण तशी नोंद रिपोर्टवर राहते, हे लक्षात असू द्या.

आणि आईवडिलांनो, मुलाला पहिला पगार झाला की किती कमावतोस एवढंच विचारू नका. देणं किती आहे, हेही विचारा. ओरडण्यासाठी नाही, ऐकून घेण्यासाठी. लाजेपोटी लपवलेलं कर्जच सर्वात वेगाने वाढतं.