मातृकल्याण : बाळ पायाळू असेल तर?

उसण भरलेल्या कमरेला पायाळू माणसाचा पाय लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु पायाळू जन्म जोखमीचा असतो. २८ व्या आठवड्यात सुमारे चौथाई बाळांचे डोके वरच असते. त्यांतील बहुतेक आपोआप फिरतात. दिवस भरताना शेकडा ३-४ च तशी राहतात. जन्मताना त्यांचे डोके अडकण्याचा किंवा नाळ आधी निसटण्याचा धोका असतो. यास्तव, भगिनींनो, ३६ व्या आठवड्यातील तपासणी चुकवू नका. त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टर पोटावरून हाताने बाळ फिरवून पाहतात. सुमारे निम्म्या वेळा ते साधते. सुईणीकडून मात्र पोट चोळून घेऊ नये. बाळ न फिरल्यास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच प्रसूती व्हावी.