मामाच्या नंबरवरून आलेली पत्रिका

आमच्या चाळीतील एक भगिनी चार घरची धुणीभांडी करून संसार चालवतात. गेल्या महिन्यात त्या रडतच आमच्याकडे आल्या. त्यांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर सख्ख्या मामाच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली होती. लग्नसराईचे दिवस, त्याने ती उघडली. पत्रिका काही दिसली नाही. मोबाईलने कसल्या कसल्या परवानग्या मागितल्या, त्याने त्या देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी खात्यातून अकरा हजार रुपये गेलेले! धाकट्या मुलीच्या फीचे पैसे होते ते.

चाळीत जो तो मुलालाच बोल लावू लागला. आम्हाला ते पटले नाही. मामाच्या नंबरावर संशय कोण घेईल?

मामाने काहीच पाठविले नव्हते. आधी त्यांचाच मोबाईल बिघडवला गेला होता आणि त्यातून ओळखीच्या सर्वांना ती 'पत्रिका' गेली. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती. एपीके म्हणजे मोबाईलमध्ये नवीन ॲप बसविणारी फाईल. खरी पत्रिका फोटो असते, नाहीतर पीडीएफ. तिला काही बसवावे लागत नाही. हे ॲप एकदा बसले आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. असे सोंग घेऊन येणाऱ्यास 'ट्रोजन' म्हणतात. लाकडी घोड्यात सैनिक लपवून शहरात शिरल्याची जुनी ग्रीक कथा आहे, त्यावरून हे नाव पडले.

ओळखीच्या नावाने येण्याची ही युक्ती जुनीच आहे. मे 2000 मध्ये फिलिपाईन्समधून निघालेले एक 'प्रेमपत्र' ईमेलने जगभर पसरले. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना ते त्याच्याच नावाने जात असे.

खरा 'व्हायरस' फाईलला किंवा डिस्कला चिकटून राहतो, कोणी ती वापरली की पुढे सरकतो. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी केलेला 'ब्रेन' फ्लॉपीतून पसरला. गंमत अशी की त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता व फोन नंबरही घातला होता! 'वर्म' मात्र कोणाच्या हाताची वाट पाहत नाही, जोडलेल्या संगणकांतून आपणच सरपटत जातो. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' असाच पसरला. त्याने फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवावे लागले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण अनेकांनी तो बसवलाच नव्हता. मोबाईल 'अपडेट करा' म्हणतो तेव्हा आपणही 'नंतर' दाबतो.

झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायला पेनड्राईव्ह नेणाऱ्या मुलांनीही जपावे. आतील फोल्डर अचानक 'शॉर्टकट' दिसू लागले तर त्यावर क्लिक करू नये.

असे काही घडल्यास प्रथम मोबाईलचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून 1930 हा सायबर मदत क्रमांक लावावा, बँकेला खाते रोखण्यास सांगावे. लाजेपोटी दिवस घालवू नयेत. जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे अडविता येण्याची शक्यता जास्त. आमच्या भगिनींनी दोन दिवस कोणाला सांगितलेच नाही. तक्रार आता नोंदविली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. मामा मात्र रोज संध्याकाळी एकेका नातेवाईकाला फोन करून, ती पत्रिका उघडू नका, म्हणून सांगत असतात.