बोर्ड भंगारात देण्याआधी चिप वाचा

भिवंडीत जुना टीव्ही, रेडिओ, वायरलेस संच भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो. आयटीआयत शिकणाऱ्या पोरांना आणि माइक-बॉक्स दुरुस्त करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: बोर्ड काट्यावर चढण्याआधी त्यावरच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या चिपांचे नंबर वाचा. त्यातली एखादी आवाजाच्या कॉम्प्रेसरला छान चालते. सगळ्याच चालत नाहीत, म्हणून निवड कशी करायची ते समजून घ्या.

मंडळाच्या स्टेजवर एक वक्ता माइक ओठाला लावून ओरडतो, दुसरा हातभर लांबून पुटपुटतो. कॉम्प्रेसर मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे हळू बोलणाराही ऐकू येतो. रेडिओला हे काम जुनंच. जवळचं स्टेशन जोरात येतं, लांबचं क्षीण. दोन्ही सारखी ऐकू यावीत म्हणून गेन आपोआप कमी-जास्त होतो. तेव्हा गेन आवरायला स्वतंत्र पाय असलेली चिप तेवढी ठेवा. मोबाइल बूस्टरमधल्या ठरावीक गेनच्या चिपा आपल्या कामाच्या नाहीत.

मोटोरोलाने टीव्हीच्या आयएफ टप्प्यासाठी केलेली एमसी १३५० घ्या. पाय आठ, सप्लाय १२ व्होल्ट. पाचव्या पायाला सुमारे ५ किलोओमच्या रेझिस्टरमधून साधारण ५ व्होल्ट दिले तर पूर्ण गेन मिळतो. ७ च्या दिशेने गेलात की गेन उतरतो, तो ६० डेसिबल, म्हणजे हजारपट.

टीव्हीतल्या कॉइल इथे नकोत. एक आणि आठ या पायांना सप्लायपासून एकेक किलोओमचा रेझिस्टर द्या. आत येणाऱ्या सिग्नलला १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि सिग्नल काही मिलिव्होल्टपुरताच ठेवा, नाहीतर आवाज फाटेल. बाहेरचा आवाज डायोडमधून कपॅसिटरवर घ्या आणि ऑप-अँपने ५ ते ७ व्होल्टच्या टप्प्यात आणून पाचव्या पायाला परत द्या. हा कपॅसिटर फार लहान असला तर खर्जाचा आवाज बिघडतो. फार मोठा असला तर एका खोकल्यानंतर बराच वेळ आवाज दबलेला राहतो. चिप मेगाहर्ट्झची आहे हे विसरू नका. सप्लायच्या पायालगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नसेल, तारा लांब असतील, तर ती स्वतःच ऑसिलेट होते.

मागाच्या कारखान्यात वापरणार असाल तर जपून. बोलणारा थांबला की कॉम्प्रेसर गेन वाढवतो आणि खडखडाटच बॉक्समधून बाहेर येतो. तिथे गेनला मर्यादा घाला आणि माइक तोंडाजवळ धरा.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. पिक्चर ट्यूबचा टीव्ही बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. जाणकार सोबत असल्याशिवाय मागचं झाकण काढू नका. आणि ट्रान्समीटरमधल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या पॉवर ट्रान्झिस्टरला कानस लावू नका, तो फोडू नका. त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

चिपा काढून झाल्या की उरलेले बोर्ड जाळू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच पोहोचवा. आणि काढलेली प्रत्येक चिप बोर्डावर बसवण्याआधी सॉकेटमध्ये तपासा, कारण भंगारातली जळकी चिप दिसायला चांगल्या चिपेसारखीच असते.