गटार एकच नसतं, मंडळी!

जेवता जेवता ब्लॉग वाचायची सवय असेल, तर आजचं पान हात धुऊन झाल्यावर उघडा. विषय मैलापाण्याचा आहे आणि मी फार सोवळ्यात लिहिणार नाहीये.

"सगळं शेवटी गटारातच जातं ना, मग कुठल्या का गटारात जाईना!" हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझं म्हणणं असं, की ह्या एका वाक्यापायी शहर तुंबतं, समुद्र नासतो आणि माणसं मरतात. अतिशयोक्ती वाटत असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग भांडायला या.

आधी व्यवस्था समजून घेऊ. मी मुंबईचं उदाहरण घेते, कारण तिथलं मला थोडंफार ठाऊक आहे. मुंबईत रस्त्याखाली दोन वेगळी जाळी आहेत. एक पावसाच्या पाण्याचं. त्याला पालिकेच्या भाषेत पर्जन्यजलवाहिनी म्हणतात. ते पाणी नाल्यांतून, खाड्यांतून तसंच समुद्राला मिळतं. दुसरं जाळं मैलापाण्याचं, म्हणजे मलनिःसारण वाहिन्या. तुमच्या संडासातलं, मोरीतलं, वॉशिंग मशीनमधलं पाणी ह्यात यायला हवं. ही दोन्ही जाळी एकमेकांना भेटता कामा नयेत. सगळा खेळ ह्या एका अटीवर आहे.

मैलापाण्याच्या पाइपला इंजिन नसतं. त्याचं इंजिन म्हणजे उतार. पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहिलं, तर मैला आणि वाळू खाली न बसता पुढे जातात आणि पाइप स्वतःला धूत राहतो. उतार कमी पडला की गाळ बसतो. बरं, उतार देत देत पाइप किती खोल नेणार? म्हणून मध्ये मध्ये पंपिंग स्टेशनं असतात (सरकारी मराठीत 'उदंचन केंद्र', हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं इथे योगासनं शिकवतात!). तिथे खोल विहिरीत पाणी जमा होतं, पंप ते वर उचलतो आणि पुढच्या उतारावर सोडतो. जिथे पाइप वळतो, रुंदावतो किंवा दुसरा येऊन मिळतो, तिथे मॅनहोल. आत काय चाललंय ते बघता यावं म्हणून ते ठेवलेलं दार आहे. पाणी ओतायचं भोक नव्हे.

मुंबईत ह्या कामासाठी सात विभाग पाडलेत: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप. वरळी आणि वांद्र्याला समुद्राच्या तळाखालून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचे बोगदे काढलेत. जाळ्यांनी कचरा अडवायचा, वाळू खाली बसवायची आणि उरलेलं पाणी खोल समुद्रात सोडायचं, अशी ही वर्षानुवर्षांची पद्धत. मैला पचवणारे जंतू हवा देऊन पोसायचे, मग गाळ वेगळा करायचा, ही खरी प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर व्हावी म्हणून सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. तेव्हा पालिका निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. झोपडवस्त्यांना मलवाहिनीच नाही, त्यांचं पाणी मिठीत आणि पोयसरमध्ये जातं, हा दोष त्या वस्तीचा नाही, शहर चालवणाऱ्यांचा आहे. पण आज मला आपल्याबद्दल बोलायचंय. फ्लॅटवाल्यांबद्दल. ज्यांच्याकडे मलवाहिनी आहे आणि जे तिचं वाटोळं करतात.

एक हिशेब करू. मी गणितात कच्ची असले तरी हा मला जमला. चाळीस फ्लॅटची इमारत, घरटी चार माणसं, म्हणजे १६० माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरा, त्यातलं ८० टक्के मैलापाणी होतं. म्हणजे साधारण १७ हजार लिटर, चोवीस तासांचं. आता त्याच इमारतीची गच्ची ५०० चौरस मीटर धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका तासात गच्चीवरून उतरतात २५ हजार लिटर. म्हणजे १६० माणसं दिवसभरात जेवढं घाण पाणी करतात, त्याच्याहून जास्त पाणी गच्ची एका तासात देते! मलवाहिनीचा पाइप नेहमीच्या प्रवाहाच्या दोन-तीन पट सोसेल एवढा ठेवलेला असतो. इथे आपण तीस-पस्तीस पट लोटतोय.

आणि तरीही किती सोसायट्यांत गच्चीच्या पावसाळी पाण्याचा पाइप खालच्या मैल्याच्या चेंबरला जोडलेला असतो! का? तर ते चेंबर जवळ होतं आणि प्लंबरची दोन पाइपांची बचत झाली. पुढे काय होतं? पाणी मागे फुगतं आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून वर येतं. वरच्या मजल्यावरचे नाकाला रुमाल लावून म्हणतात, "पालिका काही करत नाही."

रस्त्यात पाणी तुंबलं की मॅनहोलचं झाकण उचलणारे समाजसेवक ही त्याचीच मोठी आवृत्ती. पाणी ओसरतं असं दिसतं, पण ते मलवाहिनीत गेलं तर पंपिंग स्टेशनवर जाऊन बसतं, आणि तिथून मैल्यासकट कुठे ना कुठे वर येतंच. शिवाय गढूळ पाण्याखालचं उघडं भोक कुणाला दिसणार? २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन रोड परिसरात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले होते. ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. झाकण वाईट हेतूने कुणीच उघडत नाही. पाणी जावं म्हणूनच उघडतात. पण चांगल्या हेतूचं उघडं मॅनहोलही तेवढंच खोल असतं.

आता सगळ्यात कडू भाग. सॅनिटरी पॅड, डायपर, 'फ्लश करता येतात' असं पाकिटावर छापलेले ओले रुमाल, कढईतलं उरलेलं तेल, हे सगळं आपण पाइपात लोटतो. कागद पाण्यात विरतो, हे विरत नाही. तेल गार झालं की पाइपाच्या भिंतीला थिजतं आणि त्यावर बाकीचं चिकटतं. एक दिवस लाइन चोक होते. मग आपल्या तोंडी काय वाक्य असतं? "कुणीतरी माणूस बोलवा."

ह्या 'कुणीतरी'ची जात आपल्याला न विचारता माहीत असते. म्हणूनच आपण विचारत नाही.

आमच्या सोसायटीच्या सभेत हे मी स्वतः ऐकलं. मशीनवाली गाडी मागवायची तर खर्च जास्त. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, दोन पोरं येतात, आत उतरतात, तासाभरात मोकळं. एवढे कशाला घालवायचे?" हे गृहस्थ दर शनिवारी मारुतीला तेल वाहतात, नातवाला डास चावला तर डॉक्टरकडे पळतात. दुष्ट मुळीच नाहीत. फक्त त्या पोरांचा तास त्यांनी स्वतःच्या हिशेबात धरलेला नाही.

तर हिशेब असा. कोंडलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त असला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते. "आता वास येत नाही, गॅस गेला वाटतं," असं म्हणून माणूस उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून ह्या बातम्यांत एकाच खड्ड्यात दोन, तीन, चार मृत्यू असतात. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खाजगी सोसायटीत सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार गेले. नुकसानभरपाईसाठी त्यांच्या बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

कायदा नाही असं नाही. १९९३ चा आहे, २०१३ चा त्याहून कडक आहे. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त पालिकेला नाही, कुणाही व्यक्तीला लागू आहे, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंना दहा लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. आणि आपण सभेत मशीनच्या भाड्यावर घासाघीस करतोय!

पुण्याच्या काकांना हे वाचून राग येणार हे मला ठाऊक आहे. ते म्हणतील, "आम्ही कर भरतो, हे बघणं पालिकेचं काम." काका, तुमचं बरोबर आहे, अर्धं. पालिकेची मुख्य लाइन पालिकेने बघायची. पण तुमच्या संडासापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंतचा पाइप तुमचा आहे. त्यात काय जातं ते तुम्ही ठरवता, पावसाळी पाइप कुठे जोडायचा ते तुमची समिती ठरवते, आणि चोकअप काढायला मशीन आणायचं की माणूस उतरवायचा, तेही तुम्हीच हात वर करून ठरवता. कर भरला म्हणून ह्या तीन गोष्टींतून सुटका होत नाही.

तेव्हा पुढच्या सभेत पार्किंगच्या भांडणाआधी तीन प्रश्न विचारा. गच्चीचं पाणी कुठल्या चेंबरला जातं? आपल्या आवारातलं कुठलं झाकण पावसाचं आणि कुठलं मैल्याचं? आणि चोकअप काढायच्या कंत्राटात 'माणूस आत उतरणार नाही' असं लेखी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांसाठी प्लंबरला एक बादली रंगीत पाणी ओतायला सांगा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. तिसऱ्याला एका ओळीचा ठराव पुरतो. त्या ओळीला कुणी विरोध केलाच, तर त्यांचं नाव इतिवृत्तात लिहून ठेवायला सांगा. बघा, मग किती हात वर राहतात ते.